ओसरीवरचे पुस्तक

दिवस मावळतो. गुरे गोठ्यात येतात. धार काढून होते. चुलीवरच्या भाकरीचा खरपूस वास सुटतो. शेतावरून आलेला धनी हातपाय धुतो आणि ओसरीवर टेकतो. कोणी पाण्याचा तांब्या पुढे करते. लेकरू मांडीवर येऊन बसते. तुळशीपाशी दिवा लागतो.

या सुखाला पैसे किती पडले? काहीच नाही. तरी हे सुख आहे, हे कोणीही कबूल करील. जत्रा वर्षातून एकदा येते. लग्न चार-पाच वर्षांतून एकदा घरात निघते. पण संध्याकाळ रोज येते. म्हणून रोजच्या संध्याकाळचे सुख मोठे मानावे, असे आम्हांला वाटते.

मात्र वरचे चित्र पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणा. धनी बसला आहे. लेकरू बसले आहे. भाकरी कोण भाजते? तांब्या कोणी दिला? दिवा कोणी लावला? ती माउली ओसरीवर बसलेली दिसते का? तिच्याविषयी आम्हांला पुढे बोलायचे आहे. आधी ओसरी झाडून घेऊ.

घराचा चेहरा

ओसरीला नावे पुष्कळ. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला सोपा म्हणतात. कोकणात पडवी म्हणतात. मराठवाड्यात ढाळज म्हणतात. गोव्यात दारापुढे समोरासमोर दोन पक्क्या बैठका असतात, वर छप्पर असते. त्याला बल्कांव म्हणतात. मुंबईच्या चाळीत तीच गॅलरी होते. नाव कोणतेही असो, काम एकच. घर आणि रस्ता यांच्या मधली ही जागा. इथे उजेड आहे, वारा आहे आणि डोक्यावर सावलीही आहे. आलेल्याला ‘या, बसा’ म्हणायची ही जागा.

पण पुष्कळ घरांत ओसरीवर काय दिसते? खताची रिकामी पोती. मोडकी बाज. गंजलेली पत्र्याची पाटी. कोपऱ्यात फवारणीचा पंप आणि त्याच्याच शेजारी औषधाचा डबा. मग माणसाने बसायचे कुठे?

तेव्हा पहिले काम हे. नको ते सामान हलवा. फवारणीचे औषध तर ओसरीवर क्षणभरही ठेवू नका. ते कुलपात, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. एक कोपरा मोकळा झाला तरी पुरे. चार माणसे मांडी घालून बसतील एवढीच जागा हवी.

सारवण, चुना आणि रांगोळी

मातीची जमीन असेल तर ती सारवावी. हे आम्ही बायाबापड्यांना काय शिकवणार? तेच आम्हांला शिकवतील. शेणात माती किती घालावी, हात कसा फिरवावा, बोटांचे अर्धगोल कसे उठवावे, हे त्यांच्या हातांत आहे. सारवलेली ओली जमीन वाळू लागली की जो वास येतो, त्याची सर कशालाच नाही.

भिंतीला वर्षातून एकदा चुना द्यावा. चुन्याने उजेड वाढतो. काळ्या भिंती उजेड गिळतात, पांढऱ्या भिंती तो परत देतात. मात्र कळीचा चुना भिजवताना जपून. तो पाण्यात उकळतो आणि उडतो. म्हणून आधी पिंपात पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. लेकरांना दूर ठेवा. तोंड पिंपावर धरू नका. डोळ्यात थेंब उडाला तर लगेच स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

भिंत शोभिवंत करायला बाजारातली तसबीरच हवी, असे नाही. पालघर जिल्ह्यातले वारली लोक पहा. ते भिंत शेणाने किंवा गेरूने सारवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात. बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचा करतात. एवढ्या सामानावर भिंतीवर माणसे नाचू लागतात, झाडे उगवतात, तारपा वाजू लागतो. लग्नघरी देवीचा चौक काढायचा मान तर बायकांचा असतो. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे हे याच कलेतले थोर चित्रकार. वारली चित्रे त्यांनी देशोदेशी नेली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. पीठ, पाणी, काडी आणि भिंत, एवढ्यावर ही कला उभी आहे.

दारापुढची रांगोळी हीसुद्धा चित्रकलाच. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके मोजते. सात ओळी, सात ठिपके. मग रेघ वळवते. जिच्या हाताला ही वळणे बसली, तिला ‘क’ आणि ‘ळ’ यांची वळणे काय अवघड? आमच्या वर्गात येणाऱ्या कित्येक बायांचे अक्षर पुरुषांपेक्षा सुरेख असते. त्याचे मूळ दारापुढच्या रांगोळीत असावे, असे आम्हांला वाटते.

डब्यातली बाग

आता थोडी हिरवळ हवी. अंगण असेल तर उत्तमच. नसेल तर तेलाचा रिकामा डबाही चालतो. मुंबईच्या चाळीत दोन हात रुंद गॅलरीत अशाच डब्यांतून तुळस आणि मोगरा वाढतो. खाली गिरणगावचा रस्ता असतो आणि वर गावाकडची तुळस असते. जागा लहान म्हणून हौस लहान होत नाही.

डबा असा तयार करावा. तळाला खिळ्याने चार-पाच भोके पाडा. भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे ठेवा. त्यामुळे पाणी निघून जाईल, पण माती वाहणार नाही. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि जराशी वाळू, असे मिसळून डबा भरा. वर चार बोटे जागा सोडा. पाणी रोज ओतलेच पाहिजे असे नाही. मातीत बोट खुपसून पहा. माती ओली लागली तर पाणी नको. कोरडी लागली तर द्या. तांदूळ धुतलेले पाणी फुकट घालवू नका. ते झाडाला द्या.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी घरात वापरू नका. त्यात झाडही लावू नका. त्यात विष राहते.

झाडे कोणती लावावी? तुळस असतेच. गवती चहा लावा. चहात त्याचे पान पडले की सकाळ सुधारते. कढीपत्ता लावा, पुदिना लावा. सदाफुली कुठेही येते आणि बारा महिने फुलते. गुरे तिला तोंड लावत नाहीत. पण ती आणि कण्हेर पोटात गेली तर विषारी. लेकरांना तसे सांगून ठेवा. कण्हेर तर ओसरीपासून लांबच बरी. मोगऱ्याची छाटणी थंडी सरता सरता करावी. मग उन्हाळ्यात तो बहरतो. रात्री ओसरीवर अंथरूण टाकून पडावे आणि मोगऱ्याचा वास यावा, यापरते सुख ते कोणते?

डब्याखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका. स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, ताटल्या, रांजण रिकामे करून, घासून कोरडे करावेत. यालाच कोरडा दिवस म्हणतात.

एक वस्तू राहिली

ओसरी झाडली. जमीन सारवली. भिंत पांढरी झाली. डब्यात मोगरा लागला. आता काय राहिले?

पुस्तक राहिले.

तुम्ही म्हणाल, “आवो, पुस्तक हाय की! वर्गात मिळालं होतं. ट्रंकेत घालून ठिवलंय, खराब हुईल म्हणून.”

तेच तर आमचे दुखणे आहे. ट्रंकेतले पुस्तक खराब होत नाही हे खरे. पण ट्रंकेत पुस्तक राहिले की डोक्यातले अक्षर खराब होते.

सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती राज्यभर पसरली. गावोगावी रात्रीचे वर्ग निघाले. आजोबा-आजी पाटी घेऊन बसले. कंदिलाच्या उजेडात त्यांनी बाराखडी गिरवली. अंगठा देणारे सही करू लागले. गावाला केवढा अभिमान वाटला असेल! पण वर्ग संपला, पाटी कोनाड्यात गेली, आणि वाचायला पुढे काही मिळाले नाही, तिथे पुष्कळांचे अक्षर पुन्हा पुसले गेले. शेत पडीक राहिले की त्यात कुंदा माजतो. तसेच हे. एकदा नांगरून भागत नाही.

सायकल किंवा पोहणे एकदा आले की जन्मभर जात नाही, असे म्हणतात. नवे वाचन तसे नसते. जो अजून अक्षर जोडून जोडून वाचतो, त्याचे वाचन वापर थांबला की लवकर जाते. जो सरसर वाचू लागला, त्याचे राहते. म्हणून अडखळण्यापासून सरसर वाचण्यापर्यंतचा पल्ला गाठलाच पाहिजे. तो गाठायला रोज थोडे वाचावे लागते.

किती थोडे? पाव तास. हिशेब करून पहा. रोज १५ मिनिटे, वर्षाचे ३६५ दिवस. ५,४७५ मिनिटे झाली. म्हणजे ९१ तासांहून थोडे अधिक. रात्रीचा वर्ग रोज एक तास धरला तर हा तीन महिन्यांचा वर्ग झाला, आणि तोही घरबसल्या!

पुस्तकाला जागा द्या

देवाला देव्हारा आहे. भाकरीला दुरडी आहे. पुस्तकालाही घरात जागा हवी. ती हाताशी हवी, ओसरीवर हवी.

कोनाडा कोरडा असेल तर तो उत्तम. ओल येत असेल तर एक फळी ठोका. मातीच्या भिंतीतून वाळवी चढते. म्हणून फळी भिंतीला अगदी चिकटवू नका, बोटभर अंतर ठेवा. पुस्तकांमागे कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतात, तो ठेवा. पंधरा दिवसांनी पुस्तके काढून पाने फडफडवा. दमट झाली तर सावलीत वारा द्या. कडक उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडून कडकतो. जाड कागदाचे वेष्टन घाला. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका.

आणि खरे सांगायचे तर, पुस्तक वापरून फाटले तरी चालेल. लुगडे वापरून विरते, तसे पुस्तक विरावे. कोरे करकरीत पुस्तक म्हणजे न वाचलेले पुस्तक.

बसताना दिवा डाव्या खांद्याच्या मागे असावा. मग पुस्तकावर आपलीच सावली पडत नाही. दिवसा वाचत असाल तर उजेड बाजूने घ्या.

चाळिशी

पुष्कळ माणसे आम्हांला सांगतात, “आता आमच्यानं हुईना. अक्षरं नाचत्यात. आमचं डोस्कंच जड, त्याला काय करायचं!”

मंडळी, डोके जड नसते. डोळे थकलेले असतात. वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठ होऊ लागते. लांबचे दिसते, जवळचे पुसट होते. बाईला सुईत दोरा ओवता येत नाही. तांदळातला खडा दिसत नाही. हे सगळ्यांनाच होते. शहाण्याला होते, अडाण्यालाही होते. म्हणून तर त्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो.

पुस्तक हातभर लांब धरल्यावर अक्षर स्पष्ट दिसत असेल, तर चाळिशी लागली असे समजा. सरकारी दवाखान्यात किंवा गावात होणाऱ्या नेत्रशिबिरात डोळे तपासून घ्या. धुके आल्यासारखे दिसत असेल तर मोतीबिंदूही असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया होते आणि दृष्टी सुधारते. दुसऱ्याचा चष्मा लावून भागवू नका. नंबर आपापला असतो. डोळ्यांचा दोष डोक्यावर घेऊन वाचन सोडणारी माणसे पाहिली की आम्हांला फार वाईट वाटते.

काय वाचावे?

जे आधीच पाठ आहे, तिथून सुरुवात करावी. तुम्हांला आरती पाठ आहे. हरिपाठ पाठ आहे. एखादा अभंग तोंडात आहे. तोच छापलेला घ्या आणि ओळीवर बोट फिरवत म्हणा. कानाला ओळखीचा शब्द डोळ्यालाही लवकर ओळखीचा होतो. कित्येक घरांत पोथी लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेली असते. तिला हळदकुंकू मिळते, पण तिची गाठ सुटत नाही. ती गाठ सोडा. वाचण्याने पोथीचा मान कमी होत नाही, वाढतो.

त्यानंतर साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्या. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९३५ साली छापले गेले. श्याम आपल्या सोबत्यांना रात्री आईच्या आठवणी सांगतो. म्हणून त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. अशा ४२ रात्री. एकेक रात्र दोन दिवसांत वाचली तरी तीन महिन्यांच्या आत पुस्तक होते.

त्यात एका अळणी भाजीची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात. ते भाजीला नावे ठेवत नाहीत, उलट चवीने खातात. कोणी तिला चूक दाखवत नाही. शेवटी आई स्वतः जेवायला बसते, पहिला घास घेते, आणि तेव्हा तिला कळते. एवढीच गोष्ट. पण ती ओसरीवर मोठ्याने वाचा. ऐकणारे पुरुष जरा वेळ गप्प होतात. आपण काल ताटावर काय बोललो, ते ज्याचे त्याला आठवते.

पुस्तकाचा उपयोग हा असा आहे. ते अंगावर ओरडत नाही. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सांगते आणि आपले घर दाखवते.

दुःखाच्या वेळीही पुस्तक सोबत करते. घरातले माणूस जाते. बारा दिवस लोक येतात, बोलतात. तेराव्या दिवशी ओसरी रिकामी होते. मग रात्र मोठी वाटते. अशा वेळी ओळखीचा अभंग हळू आवाजात वाचावा. दुःख जात नाही. पण आपल्या आधीही कोणी असेच रडले होते आणि उठून कामाला लागले होते, एवढे कळते. तेवढ्याने रात्र सरते.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांची हकिगत सांगण्यासारखी आहे. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचत आणि गात. चूल, जाते, विहीर, शेत, सुगरणीचा खोपा, माहेर, हेच त्यांचे विषय. मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी त्यातली काही गाणी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की घरकाम करणाऱ्या बाईच्या मनात केवढे धन असते. दुसरी ही की जे कागदावर उतरले तेवढेच राहिले. जे उतरले नाही ते जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेले. तुमच्या आजीच्या किती ओव्या तुम्हांला आज आठवतात? ज्या आठवतात त्या लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते.

एका गावाची ओसरी

तुम्ही म्हणाल, “शेतकऱ्याच्या घरात पुस्तकं शोभत्यात व्हय?”

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार नावाचे गाव आहे. लोक शेती करतात, स्ट्रॉबेरी पिकवतात. ४ मे २०१७ रोजी सरकारने या गावाला ‘पुस्तकांचे गाव’ केले. वेल्स देशात हे-ऑन-वाय नावाचे पुस्तकांचे एक गाव आहे. त्यावरून ही कल्पना निघाली. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० पुस्तके ठेवली गेली. ती कुठे ठेवली? एखादी मोठी इमारत बांधून नव्हे. लोकांनी आपल्या राहत्या घरांतली जागा दिली. कोणी ओसरी दिली, कोणी खोली दिली. चित्रकारांनी येऊन भिंती रंगवल्या. एका घरी कथा, दुसऱ्या घरी कविता, तिसऱ्या घरी संतसाहित्य, अशी वाटणी केली. परगावचा माणूस येतो, बसतो, हवे ते वाचतो. वाचण्याचे पैसे पडत नाहीत.

प्रत्येक गाव भिलार होणार नाही. पण आपल्या ओसरीवर पाच पुस्तके तर मावतील? शेजारणीकडे दुसरी पाच असली की झाली दहा. अदलाबदल करावी. गावात किंवा जवळच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे का, ते विचारावे. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या खेड्यातल्या वाचनालयांनाही सरकारी अनुदान मिळते. ती कपाटे तुमच्याचसाठी आहेत. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारायला लाजू नका.

पाव तास कोणाचा?

आता त्या माउलीकडे येऊ.

आमच्या वर्गांत बाया मोठ्या हौसेने येतात. दुपारी भांडी घासून, हात पुसत येतात. नाव लिहायला शिकतात. एसटीची पाटी वाचतात. मुंबईच्या लेकाचा मोबाइलवर आलेला निरोप स्वतः वाचतात आणि डोळे पुसतात. आतापर्यंत तो निरोप शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावा लागे. आईला लिहिलेले पहिल्यांदा तिऱ्हाइताला कळे.

मग वर्ग संपतो. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा भेटतो. “बाई, वाचता का?” असे विचारले की त्या पदर तोंडाला लावतात. “कुठला येळ ताई? सकाळी पाणी, मग न्याहारी, मग रान. सांजच्याला पुन्हा चूल. आनि वसरीवर पुस्तक घिऊन बसले तर सासू म्हनंल, बया साहेबीण झाली!”

पुरुष ओसरीवर बसला तर तो दमला असे म्हणतात. बाई बसली तर तिला काम नाही असे म्हणतात. दोघेही त्याच रानातून आलेली असतात. हा न्याय कोणी केला? आणि तो असाच चालू ठेवायचा का?

घरातली बाई अक्षर विसरली तर तिचे एकटीचे नुकसान होते, असे समजू नका. दवाखान्यातून आणलेल्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, ते रात्री-अपरात्री तिलाच वाचायचे असते. रेशनच्या पावतीवर किती धान्य लिहिले आणि पिशवीत किती पडले, हे तिलाच ताडायचे असते. बचत गटाच्या वहीत तिच्याच नावापुढे आकडे असतात. आणि या साऱ्याहून वेगळी एक गोष्ट आहे. तिलाही मोगऱ्याच्या वासात बसून एखादी गोष्ट वाचावीशी वाटते. तेवढे सुख तिच्या वाट्याचे आहे.

उपाय अवघड नाही. जेवणे झाल्यावर पाव तास ठरवा. तेवढ्या वेळात भांडी कोणीतरी दुसऱ्याने आवरावी. धन्याने आवरली तर त्याचा हात झिजत नाही. लेकाने पाणी आणून द्यावे. सासूबाईंनी पुढे होऊन म्हणावे, “सूनबाई, बस गं हितं. वाच बघू, पुढं काय झालं त्या आईचं.” सासूबाईंनाच गोष्टीची ओढ लागली की मग कोणाची टाप आहे अडवायची! एकीने वाचावे, दुसरीने ऐकावे. ऐकणारीला गोष्ट मिळते, वाचणारीला सराव मिळतो. लोक चार दिवस बोलतील. पाचव्या दिवशी त्यांतलाच कोणी कान देऊन उभा राहील.

ज्या ओसरीवर घरातली बाई निवांत बसू शकते, ती ओसरी खरी सजली, असे आम्ही म्हणतो. चुना आणि रांगोळी ही त्याची तयारी.

सांगा पाहू

१. तुमच्याकडे ओसरीला काय म्हणतात? तिथे आज कोणते नको ते सामान पडले आहे?
२. कोरडा दिवस कशासाठी पाळायचा?
३. चाळिशी म्हणजे काय? ती कशी ओळखावी?
४. बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत कशी पोहोचली?

करून पहा

१. एका डब्याला भोके पाडून त्यात तुळस किंवा गवती चहा लावा.
२. ट्रंकेतले पुस्तक काढून ओसरीवर ठेवा.
३. आईची किंवा आजीची एक ओवी आठवून वहीत लिहा. खाली तिचे नाव लिहा.
४. आज रात्री घरातल्या एका बाईचे पाव तासाचे काम तुम्ही करा. ती वाचत असेल तेव्हा तिला हाक मारू नका.